पिल्लाची वर्गणी

माझी तक्रार एवढीच आहे, की माझ्या मुलीने मला सोडून साऱ्या बिल्डिंगला विचारलं. या गोष्टीला सव्वा वर्ष होऊन गेलं. जे झालं त्यात माझी चूक होती हे मी बायकोपाशी कबूल केलंय, देवापाशीही केलंय. तरी ती तक्रार जात नाही. जेवताना मध्येच वर येते.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी आहे. आमचं गाव सांगोल्याच्या पुढे, कोरडवाहू. वडिलांची मेंढरं होती. त्यांच्यामागे हिंडत मी कसाबसा दहावीपर्यंत शिकलो आणि पहिला बोकड विकला तेव्हा मला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. त्या एकाच्या पैशातून दोन घेतले, दोनाचे पाच केले. आज माझी स्वतःची पिकअप आहे, शहराबाहेर पत्र्याचा गोठा आहे आणि जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. कुणी दिलं नाही, कुणाकडे मागितलं नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं होतं, "शेळ्या टेरेसवर नाही ना आणणार?" ते निवृत्त शिक्षक, तळमजल्यावर राहतात. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, या माणसाचा चहा आपल्या घरात व्हायचा नाही. पुढची चार वर्षं झाला नाही.

पिल्लू आणलं ते मुलीने. ती तेव्हा बावीस वर्षांची, एका ऑफिसात नुकतीच लागलेली, पहिला पगार व्हायचा होता. पार्किंगमध्ये पाण्याच्या मोटरीमागे कुत्री व्यायली होती. ती गाडीखाली गेली आणि पिल्लं इकडेतिकडे झाली. एक उरलं. काळं, छातीवर पांढरा डाग, पोट भोपळ्यासारखं. मुलीने ते ओढणीत गुंडाळून वर आणलं. मी म्हणालो, "घरात जनावर चालणार नाही."

"आबा, तुम्ही जनावरांवरच जगता की."

"म्हणूनच सांगतोय. आन नाव ठेवू नको. नाव ठेवलेलं जनावर माणसाला खाली बसवतं."

तिने नाव ठेवलंच. मी मात्र 'ए पिल्ल्या' म्हणायचो. बाजारातून आलो की माझ्या पायाला शेळ्यांचा वास असायचा, तो घ्यायला ते उंबऱ्यात येऊन बसायचं. माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपायचं. मी पायाने सरकवायचो, ते परत यायचं. तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली. लस टोचायची असते हे मुलगी दोनदा बोलली होती. मी म्हटलं होतं, पगार झाला की टोच. आमच्या कळपातल्या कुत्र्यांना कधी कुणी लस टोचली नव्हती.

त्या दिवशी मी पहाटेच सांगोल्याच्या बाजाराला गेलो होतो. पुढचं सगळं सांगायचं तर आमच्या धंद्याच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे, आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. दुसरी म्हणजे, भाव जमला नाही की हात सोडवून घ्यायचा आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. दहा पावलांत हाक येते. आली नाही तर अकराव्या पावलाला वेग कमी करायचा, पण मान वळवायची नाही. मान वळली की गेला भाव. मी या दहा पावलांवर घर बांधलंय.

तर टॉवेलखाली हात होता, समोर एका जाड मिशीच्या व्यापाऱ्याचे सहा बोकड होते आणि माझा फोन सारखा थरथरत होता. डाव्या हाताने काढला. सोसायटीच्या ग्रुपवर पिल्लाचा फोटो होता. खोक्यात आडवं पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. खाली मुलीने लिहिलं होतं, की पिल्लाला गंभीर आजार झालाय, रक्ताचे जुलाब आणि उलट्या चालू आहेत, ताबडतोब भरती करायला डॉक्टरांनी सांगितलंय, जमेल तेवढी मदत करा. त्याखाली पैसे पाठवायचा चौकोन आणि आमच्या फ्लॅटचा नंबर. आणि त्याखाली एकेकाचे निरोप. दोनशे पाठवले. शंभर पाठवले. सेक्रेटरींचे पाचशे, वर हात जोडलेले.

मिशीवाला वाकून बघत होता. मोठ्याने म्हणाला, "काय शेट, कुत्र्याला वर्गणी? गणपती बसवलाय का काय घरात?"

भोवतीचे हसले. मागून कुणीतरी बोललं, "घरात लेकीला पैसं देत न्हाईत जणू. सगळं बोकडाला घालत्यात."

मी हात सोडवून घेतला. त्या दिवशीचा सौदा तिथेच मेला. पिकअपपाशी जाऊन मुलीला फोन लावला. ती उचलल्या उचलल्या बोलू लागली, "आबा, पार्व्हो आहे म्हणतात, लस नसलेल्या पिल्लांना होतो तो, आत्ताच सलाइन लावायला पाहिजे, मी अर्धे पैसे जमवलेत..."

"कुणी सांगितलं जमवायला? भीक मागायला लावली का मी तुला?"

"भीक नाही हो, मदत..."

"सगळ्यांचे परत कर. आत्ताच्या आत्ता. त्या मास्तरचे पाचशे पहिले. मी यायलोय, मी आल्याशिवाय एक रुपया दवाखान्यात भरायचा न्हाय."

"आबा, तुम्हाला यायला दोन तास लागतील. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर काय म्हणतात ते मी आल्यावर बघतो."

मंगळवेढ्याच्या अलीकडे बायकोचा फोन आला. "आवो, पोरगी रडतीया. राहू द्या की ते पैसं. मागनं आपुन सगळ्यांचं देऊन टाकू."

"तू गप बस. चार वर्षं मी त्या लोकांपुढं मान खाली घातली न्हाय."

"मान तुमची हाय, जीव त्येचा हाय," ती म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

दवाखान्याच्या पायरीवर मुलगी बसली होती. मांडीवर फळांचं खोकं, त्यात टॉवेल, टॉवेलावर पिल्लू. मी उतरलो तेव्हा त्याने शेपटी हलवायचा प्रयत्न केला. शेपटीचं टोक तेवढं हललं. मुलीने फोन पुढे केला. "अकरा जणांचे आले होते. सगळ्यांचे परत केले." तिचे डोळे कोरडे होते. मी म्हणालो, "शाब्बास."

तो शब्द परत घेता आला असता तर मी त्यासाठी मागाल ती किंमत दिली असती.

डॉक्टर तिशीतली बाई होती. टेबलामागे उभीच होती, हातमोजे घातलेले. मी खुर्ची ओढून बसलो. बसल्याशिवाय सौदा होत नाही.

"किती?" मी विचारलं.

"चार-पाच दिवस ठेवावं लागेल. सलाइन, इंजेक्शनं, तपासण्या धरून साडेनऊ हजारांपर्यंत जाईल. आत्ता पाच भरा."

"वाचंल का?"

"खात्री नाही देता येत. पण उशीर केला तर नाही वाचणार, हे नक्की."

"खात्री न्हाय आन साडेनऊ हजार? मॅडम, मी जनावरातलाच माणूस हाय. एवढ्यात दुभती शेळी येती."

"मग शेळी आणा. तिच्यावरही उपचार करते मी," ती म्हणाली. मुलगी माझ्या शर्टाची बाही ओढत होती.

"पाचात सगळं बसवा. रोख देतो, आत्ता."

डॉक्टरांनी एकदा पिल्लाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "औषधं मी विकत आणते, त्यांचे पैसे मला कमी करता येत नाहीत. माझी फी सोडून देते. किंवा नंतर द्या. पण त्याला आत घेऊ द्या."

इथे जे झालं ते मला नीट सांगितलं पाहिजे. कुठलाही शहाणा माणूस या वाक्याला उठून हात जोडेल. पण बाजारात समोरचा एक पाऊल मागे सरला म्हणजे त्याला माल विकायची घाई आहे. त्याला अजून रेटायचं. चाळीस वर्षांच्या सवयीने माझ्या कानाने ते वाक्य तसंच ऐकलं. माझ्या खिशात त्या वेळी बोकडांसाठी नेलेले साठ हजार होते. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्या बाईला गरज आहे आणि मला नाही, एवढंच मला दिसत होतं. आणि सकाळपासून लोक मला हसले होते. कुठेतरी एका ठिकाणी तरी माझं चालायला हवं होतं.

मी उठलो. खोकं उचललं. मुलीला म्हणालो, "चल."

"आबा, काय करताय?"

"चल म्हणतो ना."

पायऱ्या उतरलो. ती मागून धावत आली. "आबा, थांबा ना. आबा, त्या फी सोडतो म्हणाल्या."

"गप. हाक येतीय बघ आता."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण मान वळवायची नव्हती. मी पावलं मोजत होतो. पिकअपपर्यंत वीस झाली. दरवाजा उघडताना काचेत दवाखान्याचं दार दिसलं. एक जोडपं टोपलीत मांजर घेऊन आत शिरत होतं आणि डॉक्टर त्यांच्यासाठी दार धरून उभ्या होत्या. आमच्याकडे त्यांनी बघितलं. हाक मारली नाही.

तेव्हाही परत जाता आलं असतं. वीस पावलं होती.

मी गाडी गोठ्याकडे घेतली. तिथून जवळच एक म्हातारा राहतो, आमच्या शेळ्यांना सुया देणारा. त्याच्या हाताला गुण आहे असं आम्ही सगळे मानतो. त्याने पिल्लाची पापणी ओढून बघितली, म्हणाला, "पोटात कीड झालीया. शेळीला चालतं ते ह्याला चालंल, निम्मं देतो." सुई दिली, तीनशे मागितले. मी त्याचे पन्नास कमी केले. मुलगी गाडीतच बसून होती. घरी जाताना मी म्हणालो, "उद्या उठंल बघ. नऊ हजार वाचले." ती खोक्यातला टॉवेल सारखा करत राहिली. मला वाटलं, रागावलीये, होईल नीट.

घरी बायकोने मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. ते उलटून आलं. पुन्हा पाजलं, पुन्हा उलटलं. तिसऱ्या वेळी पिल्लाने तोंडच उघडलं नाही. खोक्यातून ते एकदा उठलं, लटपटत तीन-चार पावलं आलं आणि माझ्या पायाजवळ येऊन पडलं. वास घेतला का नाही, माहीत नाही. नाक कोरडंठाक होतं. मी आयुष्यात हजारो जनावरांच्या अंगावर हात फिरवलाय, वजन बघायला, चरबी बघायला. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली. शरीरातलं पाणी संपलं की जनावराचं असं होतं, हे मला माहीत होतं. दुपारीही माहीत होतं.

दिवेलागणीला मी पिल्लाला आणि मुलीला घेऊन परत त्या दवाखान्यात गेलो. टेबलावर पाच हजार ठेवले, म्हणालो, "मॅडम, तुम्ही म्हणाल ते." त्यांनी पैशाकडे बघितलंसुद्धा नाही. पिल्लाला आत घेतलं. पुढचा पाय दाबून शीर शोधली. मग दुसरा पाय. मग मागचा. सुई जात होती, पण शीर सापडत नव्हती. शेवटी कुठेतरी लागली.

मुलीने विचारलं, "दुपारी मिळाली असती का?"

"ते आता नका विचारू," डॉक्टर म्हणाल्या.

रात्रभर त्यांनी ठेवून घेतलं. सकाळी साडेआठला फोन आला तेव्हा मुलगी डबा भरत होती. तिने ऐकलं, "हो" म्हणाली, फोन खाली ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

मी एकटा गेलो. डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. सलाइनचे आणि औषधाचे पैसे कापून बाकीचे मोजून ठेवले होते, तीन हजारांच्या वर. फी लावलीच नव्हती. मी म्हणालो, "फी घ्या." त्या म्हणाल्या, "राहू द्या." मी म्हणालो, "न्हाय, घ्याच." त्या म्हणाल्या, "काका, मला पुढचा पेशंट बघायचाय." मी ते पैसे उचलले. न मागता परत आलेले पैसे होते, आणि मला ते खिशात घालता येईनात. पिल्लाचं खोकं गाडीत ठेवून घरी येईपर्यंत ते मुठीतच होते.

पार्किंगमध्ये सेक्रेटरी उभे होते. हातात मिठाची पिशवी. "खड्ड्यात घालायला लागतं," ते म्हणाले. "कुठे नेताय?" मी गोठा म्हणालो. ते न विचारता पिकअपमध्ये पुढे येऊन बसले. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या गाडीत बसत होते. गोठ्यामागे लिंबाखाली मी खड्डा खणला, त्यांनी मीठ टाकलं. घाम पुसत म्हणाले, "पैसे का हो परत पाठवलेत? आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचा राग आला."

"आला होता."

"अहो, ते पिल्लू रोज सकाळी माझ्या दाराशी यायचं. तुमच्या मुलीने पोस्ट टाकली नसती तरी मी दिले असते. तुम्हाला नव्हते दिले मी."

मी माती ओढत राहिलो. त्यांना घरी चहाला या म्हणायचं मनात आलं होतं. म्हणालो नाही. आजही म्हणालेलो नाही. 'तुम्हाला नव्हते दिले' हे खरं होतं, पण ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी मी मुलीला विचारलंच. ती कपड्यांना इस्त्री करत होती. "सगळ्या जगाला विचारलंस. मला आधी फोन का न्हाय केलास? मी बाप हाय तुझा. माझ्याकडं पैसे नव्हते का?"

तिने इस्त्री उभी केली. "होते, आबा. म्हणूनच नाही केला."

"म्हणजे?"

"तुम्ही आधी विचारलं असतं, केवढ्याला."

मला राग आला. हात उचलावा एवढा आला. मी मोठ्या आवाजात बोलू लागलो, की मी केवढ्याला विचारलं म्हणून तू शिकलीस, म्हणून या घरात राहतेस, तुझ्या अंगावरचा एकेक कपडा मी भाव करून आणलेला आहे. ती ऐकत राहिली. आधी ती भांडायची. लहानपणापासून माझ्याशी भांडणारी घरात ती एकटी होती, आणि मला ते आवडायचं, कारण तिच्यात मी दिसायचो. त्या दिवशी ती म्हणाली, "हो आबा, बरोबर आहे तुमचं," आणि परत इस्त्री घेतली.

तेव्हापासून ती माझ्याशी एकदाही भांडलेली नाही. जेवायला वाढते, औषध आणून देते, बाजाराला निघालो की पाण्याची बाटली भरते. काही मागत मात्र नाही. बायको म्हणते, मोठी झाली, शहाणी झाली. तसं नाही, हे बायकोलाही माहीत आहे.

परवा ती नवी स्कूटर घेऊन आली. मला आधी काही सांगितलं नव्हतं. तिची पहिली सायकल, दहावीनंतरचा मोबाइल, दिवाळीचे ड्रेस, सगळं मी घेतलं होतं. नव्या पेठेत मी दुकानात भाव करायचो आणि ती लाजून बाहेर उभी राहायची. सौदा झाला की मी हात करायचो, मग आत यायची. घरी जाताना विचारायची, "किती पाडलं, आबा?" आणि मी आकडा सांगितला की हसायची.

मी खाली गेलो. हँडलला झेंडूचा हार होता. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"किती कमी केले?" मी विचारलं.

"सांगितले तेवढे दिले, आबा."

"हेल्मेट तरी फुकट दिलं का?"

"विचारलं नाही."

"मला सांगायचं की. मी आलो असतो."

"तुमचा बाजार होता ना," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, टोमणाही नव्हता. मग तिने आईला हाक मारली. बायको पदर खोचून मागे बसली, घाबरून हसत होती, आणि दोघी गेटबाहेर गेल्या.

मी तिथेच उभा होतो. तळमजल्याच्या खिडकीतून सेक्रेटरींनी विचारलं, "छान आहे हो गाडी. केवढ्याला पडली?"

मला सांगता आलं नाही.